मी फक्त ‘तोबा’ म्हणाले होते

मर्गिलान या रेशमाच्या शहरातल्या आमच्या मोहल्ल्यात गेली एकतीस वर्षं बायकांना किताब वाचून दाखवायचं काम मी करते. मयत असो, पाळणा असो, रमजान असो, बोलावणं मला येतं. सगळ्या मला ओतिनआयी म्हणतात. माझं नाव इनोबत आहे हे माझ्या सुनेलासुद्धा चटकन आठवणार नाही. या एकतीस वर्षांत मी सगळ्यात जास्त कशावर बोलले असेन तर जिभेवर. पाठीमागे कुणाबद्दल बोलणं म्हणजे मेलेल्या भावाचं मांस खाणं, असं किताबात आहे. ते मी अशा काही आवाजात सांगते की बायका समोरच्या ताटातलं मटण बाजूला सारतात. निदान पाच मिनिटं तरी सारतात. मग हात पुसून पुन्हा खायला लागतात आणि पुन्हा बोलायलाही लागतात.

तर या विषयातली मी जाणकार. म्हणूनच जे झालं ते माझ्या हातून झालं याची मला जास्त चीड येते.

तुती पिकल्या होत्या तेव्हाची गोष्ट. आमच्या गल्लीतल्या कुम्रीच्या थोरल्या मुलीला, ओयजमालला, स्थळ आलं होतं. मुलगा इल्होम, रेशीम रंगवणारा, कालव्यापलीकडच्या मोहल्ल्यातला. ओयजमाल घरीच मागावर अतलसचं रेशमी कापड विणते आणि तिच्या मागाला लागणारा रंगवलेला ताणा हाच आणून द्यायचा. दोन वर्षं ताणा पोचवता पोचवता एक दिवस त्याने आईला सांगितलं की माझ्यासाठी त्या घरी जा. त्याची आई मुकद्दस दोनदा येऊन गेली, मुलगी पसंत पडली, आणि येत्या रविवारी नान मोडायची असं ठरलं. दोन्ही घरच्यांनी मिळून नान मोडली की आमच्याकडे सोयरीक पक्की. ती मोडेपर्यंत काहीच पक्कं नसतं.

त्याआधी चौकशी होते. मुलाकडच्या दोन बायका मुलीच्या गल्लीत येतात आणि मुलीचं घर सोडून बाकी सगळ्या घरांत जातात. कुणाकडे चाळणी मागायला, कुणाकडे रस्ता विचारायला. आमच्या गल्लीला दुसरं तोंडच नाही, तरी रस्ता विचारतात. आपण आत बोलावतो, चहा ओततो, आणि मग त्या अगदी सहज विचारतात की ते पलीकडचं निळं दार कुणाचं. मग मुलगी सकाळी किती वाजता अंगण झाडते, हसते किती मोठ्याने, आई तोंडाने कशी आहे, सगळं निघतं. सर्वांत शेवटी त्या माझ्याकडे येतात. बाकीच्यांचं ऐकायचं असतं, ओतिनचं खरं धरायचं असतं.

मुकद्दस आणि तिची बहीण दुपारी माझ्याकडे आल्या. बायका भल्या होत्या. मुकद्दसने नवी ओढणी घेतली होती आणि मनातून ती खूश होती हे दिसत होतं. थोडं इकडचं तिकडचं झालं आणि तिने विषय काढला.

"ओतिनआयी, पोरीबद्दल सगळ्या चांगलंच बोलतात. एकच गोष्ट मनात सलते आहे. तीन वर्षांपूर्वी ती आठ महिने इथे नव्हती म्हणे. कुणी म्हणतं अंदिजानला मावशीकडे होती, कुणी म्हणतं ताश्कंदला शिवण शिकत होती. तुम्हाला तर माहीतच असेल."

मला माहीत होतं. ओयजमालला टीबी झाला होता. आठ महिने ती डोंगरातल्या एका रुग्णालयात होती, आणि दर महिन्याला कुम्रीबरोबर मीही तिथे जायचे, मध आणि मटणाचं सार घेऊन. पोरगी पूर्ण बरी होऊन आली, डॉक्टरांनी तसा कागद दिला. पण टीबीचं नाव निघालं की आमच्याकडे त्या घरचा पियाला कुणी तोंडाला लावत नाही. आजाराला दहा वर्षं झाली तरी लावत नाही. म्हणून कुम्रीने माझ्याकडून वचन घेतलं होतं की हे बाहेर जाणार नाही.

मग मी काय केलं? नजर खाली घातली, छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "तोबा. जी मुलगी इथे समोर नाही तिच्याविषयी मी तोंड उघडणार नाही. किताबात मनाई आहे. चहा घ्या."

खरं सांगते, त्या वेळी मला माझं फार कौतुक वाटलं. एकतीस वर्षं जे सांगितलं ते आज करून दाखवलं असं वाटलं. मुकद्दसने बहिणीकडे पाहिलं, बहिणीने पियाला खाली ठेवला. चहा अर्धाही संपला नव्हता. मला वाटलं अंधाराच्या आधी घरी पोचायचं असेल.

रविवारी कुम्रीने पहाटेपासून अंगण धुतलं, दस्तरखान मांडलं, भात दमाला ठेवला. कुणीही आलं नाही. दुपारी भात उतरवला, संध्याकाळी दस्तरखान गुंडाळलं. सोमवारी तिने फोन केला तर मुकद्दस म्हणाली की मुलगा अजून लहान आहे, एवढ्यात लग्नाचं बघायचं नाही. लहान म्हणजे सव्वीस वर्षांचा. कुम्री माझ्याकडे येऊन रडली आणि मी तिला सांगितलं की जे नशिबात नाही त्यासाठी रडू नये. असा सल्ला द्यायला मला कधीच कष्ट पडत नाहीत.

त्यानंतर दहाएक दिवसांनी मी तोजिखोनकडे नान आणायला गेले. तोजिखोनच्या तंदुरावर अर्ध्या गल्लीची भाकरी भाजली जाते आणि उरलेल्या अर्ध्या गल्लीची हाडं. तिथे चारपाच जणी उभ्या होत्या. मला पाहून त्या गप्प झाल्या, ते नेहमीचंच. पण त्या गेल्यावर तोजिखोन माझ्याजवळ सरकली आणि म्हणाली, कुम्रीच्या पोरीचं ऐकून वाईट वाटलं. मी म्हटलं, काय ऐकलंस? तेव्हा तिने सांगितलं की ओयजमालने त्या आठ महिन्यांत अंदिजानला मूल जन्माला घातलं आणि तिथेच कुणाच्या तरी पदरात टाकून आली, हे आता कालव्याच्या दोन्ही बाजूंना माहीत आहे.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी हातातली टोपली खाली ठेवली आणि तिला फैलावर घेतलं. कुणी सांगितलं हे, कुणाच्या तोंडून आलं, पवित्र पोरीवर असा आळ घेणाऱ्यासाठी किताबात काय लिहिलंय ते माहीत आहे का, सगळं विचारलं. तोजिखोन माझ्याकडे बघतच राहिली.

"आयी, मलाच काय बोलता?" ती म्हणाली. "तुमच्याच तोंडून आलं ना. मुकद्दसने विचारलं तेव्हा तुम्ही कानाला हात लावून तोबा म्हणालात. आम्ही साध्या बायका, आम्ही दहा वेळा बोलतो तेव्हा एकदा कुणी विश्वास ठेवतं. ओतिनआयी तोबा म्हणते म्हणजे आत काहीतरी मोठंच असणार. असं सगळ्यांनीच धरलं."

"मी कानाला हात लावला नव्हता," मी म्हणाले. "छातीवर ठेवला होता."

"तेच ते," तोजिखोन म्हणाली आणि तंदुरातून नान काढायला वाकली.

नान न घेताच मी घरी आले. आधी मुकद्दसवर चिडले, मग तिच्या बहिणीवर, मग तोजिखोनवर. तिघींवर चिडून झालं तरी राग शिल्लक होता, आणि तो कुणाचा आहे ते मला ठाऊक होतं. किताब काढून बसले. मेलेल्या भावाचं मांस मला तोंडपाठ आहे, ते पान मी उघडलंच नाही. दुसरं एक ठिकाण आहे. तिथे श्रद्धावंतांना सांगितलंय की देवाची भीती बाळगा आणि बोलाल ते सरळ बोला. एकतीस वर्षांत या ओळीवर मी एकदाही बैठक घेतली नव्हती. बोलू नका हे सांगणं सोपं असतं, सगळ्या माना डोलावतात. बोला, आणि सरळ बोला, हे सांगितलं तर आधी आपल्यालाच बोलावं लागतं.

तोबा म्हणण्यात सरळ काय होतं? मी तिच्याबद्दल एक अक्षरही वाईट बोलले नव्हते, आणि गल्लीतल्या कुणीही केलं नसतं एवढं तिचं वाटोळं केलं होतं.

त्या दिवशीच कुम्रीच्या निळ्या दाराशी गेले. कुम्री मला आत घेईना, तिच्याही कानावर आलं होतं. शेवटी आतून ओयजमालचा आवाज आला, येऊ दे त्यांना. ती मागावर बसली होती. धोटा इकडून तिकडे जात होता आणि तिने मान वर केली नाही. नवा ताणा आता दुसरा कुणीतरी आणून देत होता. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. गुडघ्यांमुळे मला जमिनीवर बसता येत नाही हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे, कुम्रीने उशी पुढे केली, मी घेतली नाही. काय विचारलं गेलं, मी काय म्हणाले, का म्हणाले, सगळं सांगितलं. मग म्हणाले की माझ्यावर राजी हो. आमच्याकडे मयताच्या वेळी सगळे जण हे मागतात, की गेलेल्या माणसावर राजी व्हा, काही राहिलं असेल तर सोडून द्या. ज्याच्या पाठीमागे बोललो त्याने राजी व्हायलाच हवं, नाहीतर नुसती तोबा करून सुटका नाही. हेही मीच शिकवत आले होते.

"ते नंतर बघू," ओयजमाल म्हणाली. "आधी सांगा, तुम्ही काय करणार आहात?"

मी म्हणाले, मी मुकद्दसच्या घरी जाते, तिला एकटीला गाठते आणि खरं सांगते. कुम्री मध्येच पडली. ती म्हणाली, नको, टीबी कळला तर धाकटीलाही कुणी विचारणार नाही, त्यापेक्षा हे असंच राहू दे, लोक विसरतील, हिला वर्षभर ताश्कंदला पाठवते. ती रडत होती आणि तिचं म्हणणं अगदीच चुकीचं होतं असंही नाही. आई एकीचं वाचवायला गेली की तिला दुसरीचं दिसतं.

ओयजमालने धोटा ठेवला. "पुन्हा कुठे पाठवू नकोस मला, आई. मागच्या वेळी पाठवलंस आणि लपवलंस, म्हणून त्या आठ महिन्यांत लोकांनी हवं ते भरलं. मी मेहनतीने बरी झाले. रोज मूठभर गोळ्या खाल्ल्या, उलट्या झाल्या तरी खाल्ल्या. त्याची मला लाज वाटत नाही. मूल टाकून आले म्हणतात त्याची लाज वाटते, आणि ते मी केलेलं नाही." मग ती माझ्याकडे वळली. "आयी, तुम्हाला वचनातून सोडलं. आईने घेतलं होतं पण आजार माझा आहे. मुकद्दसखालांना एकटीला सांगू नका. जिथे शंभर तोंडांनी बोललं गेलं तिथे एका कानात सांगून काय होणार? सगळ्या असतील तिथे सांगा, माझं नाव घेऊन सांगा. आणि मी असताना सांगा. माझ्या पाठीमागे आता चांगलंसुद्धा बोललेलं नको."

स्वतःच्या सावलीलाही घाबरणारी ही पोरगी, असं मी तिला समजत होते. आजवर तिच्या आवाजाकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

शनिवारी तोजिखोनच्या नातवाला पाळण्यात घालायचं होतं. तिची सून मुकद्दसच्या मोहल्ल्यातली, त्यामुळे कालव्यापलीकडच्याही सगळ्या येणार होत्या. मी आदल्या दिवशी तोजिखोनला सांगितलं की उद्या दुवा झाल्यावर मी थोडं बोलणार आहे आणि ओयजमालही येणार आहे. ती म्हणाली, आयी, शुभ कार्य आहे, मांस खाण्याबद्दल बोला की नेहमीसारखं, सगळ्यांना आवडतं. मी म्हटलं, बोलेन तेच, पण या वेळी कुणी खाल्लं ते नावानिशी सांगेन. तिचा चेहरा पांढरा पडला. तिला वाटलं तिचंच नाव घेणार. मी तिला रात्रभर तसंच वाटू दिलं, एवढा दुष्टपणा माझ्यात अजून शिल्लक आहे.

शनिवारी चाळीसएक बायका होत्या. म्हाताऱ्यांनी पोराला पाळण्यात निजवलं, पट्टे बांधले, वरून मिठाई उधळली, मी दुवा म्हटली. ओयजमाल आईबरोबर दाराजवळ बसली होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेक माणूस मावेल एवढी जागा रिकामी होती. मुकद्दस वरच्या बाजूला, पाळण्याजवळ. मी घसा साफ केला तशा बायकांनी रुमाल काढून हातात धरले. मी कुठे थांबते आणि कुठे रडायचं असतं हे त्यांना पाठ आहे.

मी म्हणाले, आज रडण्यासारखं काही नाही, रुमाल ठेवा. आज मी सांगते ते माझ्या स्वतःच्या जिभेचं आहे. मग कुठेही आडवळण न घेता सांगितलं. मुकद्दसने काय विचारलं ते, मी तोबा म्हणाले ते. त्यातून जे निघालं ते खोटं आहे. कुम्रीची मुलगी ओयजमाल त्या आठ महिन्यांत अंदिजानला नव्हती, ताश्कंदलाही नव्हती. तिला टीबी झाला होता, ती रुग्णालयात होती, मी स्वतः आठ वेळा जाऊन तिला भेटले आहे. ती बरी झाली आहे आणि तसा कागद आहे. तिच्या पोटी कधी मूल नव्हतं. हे मी किताबावर हात ठेवून सांगते. मला हे सगळं त्याही दिवशी माहीत होतं.

तोजिखोनने हळूच हात लांब करून पाळण्याचा पडदा ओढला. माझ्या जवळच बसलेल्या एकीने हातातला पियाला खाली ठेवला, कारण दाराशी बसून चहा कुम्रीने ओतला होता. मी ते पाहिलं आणि ओयजमालनेही पाहिलं. कुम्रीने तोंडावर ओढणी घेतली.

मुकद्दस माझ्याकडे वळली. तिचा आवाज वर गेला नाही. "तुम्हाला माहीत होतं, तर त्या दिवशी का नाही सांगितलंत, ओतिनआयी?"

"वचन दिलं होतं, हे खरं," मी म्हणाले. "पण वचन न मोडता एवढं तरी सांगता आलं असतं की पोरगी निष्कलंक आहे, आठ महिन्यांचं तिच्या घरी जाऊन विचारा. हे मला सुचलं नाही, कारण त्या वेळी मी पोरीचा विचारच करत नव्हते. माझी जीभ किती स्वच्छ आहे ते मला तुम्हाला दाखवायचं होतं."

एकतीस वर्षांत चाळीस बायकांसमोर माझा आवाज पहिल्यांदा फाटला, आणि नेमका त्याच वेळी कुणी रुमाल काढला नाही.

मुकद्दस मग दाराकडे वळली. आमच्या चौकशीत मुलीला कधी कुणी काही विचारत नाही. तिने विचारलं. "पोरी, हे असंच आहे?"

ओयजमाल उभी राहिली. "असंच आहे, खाला. अजून काही विचारायचं असेल तर विचारा, मी समोर आहे."

"माझ्या इल्होमला यातलं काही माहीत होतं?"

ओयजमालने आधी आईकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मला तेव्हा कळलं की हे तिने कुम्रीलासुद्धा सांगितलेलं नाही. "होतं," ती म्हणाली. "तुम्हाला पाठवतो म्हणाला त्याच दिवशी मी सांगितलं होतं. म्हटलं होतं की आधी आईला सांग, मग पाठव. तो म्हणाला, आईला कशाला, ते राहू दे."

मुकद्दस उठायला लागली आणि पुन्हा बसली. मग बहिणीचा हात धरून उठली. तिने बहिणीशी बोलावं तसंच बोलून टाकलं, पण आम्ही सगळ्यांनी ऐकलं. "मी घरी येऊन या पोरीला काय काय म्हटलं. तोंडाला येईल ते म्हटलं. तो समोर बसला होता. त्याने मान खाली घालून जेवण संपवलं." आणि ती ओढणी सावरत बाहेर गेली. मयताच्या घरून उठावं तशा बाकीच्याही गुपचूप उठल्या. मिठाई कुणी वेचली नाही.

त्या आठवड्यात दोन घरांनी आपापल्या मुली माझ्या शिकवणीतून काढल्या. एकीने कारण दिलं की ओतिनने भरल्या घरात घरातल्या गोष्टी बोलू नयेत. तोजिखोनने कुम्रीच्या घरून आलेली वाटी दाराबाहेर ठेवली. हे होणार हे ठाऊक होतं. पण टाकून दिलेल्या मुलाची गोष्ट संपली. मूल होतं म्हणणारी एकही पुन्हा भेटली नाही, जणू कधी कुणी म्हटलंच नव्हतं. टीबीचं उरलं, आणि त्यावर उपाय म्हणून मी रोज सकाळी उठून निळ्या दाराशी जायचे, अंगणात सगळ्यांना दिसेल असं बसायचे, कुम्रीच्या पियाल्यातून चहा प्यायचे. मला दिवसातून दोनच चहा झेपतात. मी चार घेतले. पाचव्या दिवशी समोरच्या घरातली म्हातारीही येऊन बसली आणि तिने दोन घेतले.

त्याच दिवशी दुपारी मुकद्दस आली. बरोबर इल्होम होता, आणि कापडात बांधलेल्या दोन नान. ती सरळ कुम्रीकडे गेली नाही, माझ्याकडे आली. म्हणाली, मला त्या दारात पाय ठेवायला तोंड नाही, तुम्ही मध्ये पडा, टीबीचं मला काही नाही, माझी स्वतःची मावशी त्यातून उठली आहे, मला ही पोरगी हवी. मनापासून बोलत होती ती. इल्होम उंबऱ्याशी उभा होता. देखणा पोरगा, नखांत निळा रंग. मी त्याला विचारलं, का नाही बोललास? तो म्हणाला, मला वाटलं आई थोडी शांत होऊ दे, मग बघू. मी म्हटलं, आणि तोवर? त्याने हातातल्या गाठोड्याची गाठ घट्ट केली.

मी निळ्या दारात गेले. मुकद्दस नान घेऊन आली आहे म्हटल्यावर कुम्रीने छातीशी हात धरला आणि देवाचे आभार मानायला सुरुवात केली. ओयजमाल मागावरच होती. मी सगळं सांगितलं, मुकद्दस काय म्हणाली, पोरगा काय म्हणाला, एकही शब्द कमी नाही आणि एकही जास्त नाही. आता मला तेवढं जमू लागलं आहे.

"तुमच्यावर मी राजी आहे, आयी," ओयजमाल म्हणाली. "हे आधी घ्या. तुम्ही माझं वाईट केलंत, पण काय झालं ते कळल्यावर तुम्ही गप्प बसला नाहीत. मुकद्दसखालांवरही राजी आहे. त्यांना माहीत नव्हतं, त्यांनी समोर येऊन विचारलं." तिने धाग्याला गाठ मारली आणि टोक दातांनी तोडलं. "त्याला नाही म्हणून सांगा."

कुम्री तिच्या पायाशी बसली. पोरी, आजाराचं कळूनही पायरीशी आलेत, असं पुन्हा कोण येणार, असं म्हणाली. मीही म्हणाले, विचार कर, पोरगा वाईट नाही, घाबरट आहे. ओयजमाल म्हणाली, मला ठाऊक आहे, मला आवडतही होता. आणि मग तिने त्याला काय सांगायचं ते सांगितलं. मोजके शब्द होते. तिचे डोळे भरले होते पण ती पुन्हा विणायला लागली होती.

मी परत माझ्या अंगणात आले. मुकद्दसने माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. तिने मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाली, "ओतिनआयी, पोराला एकदम नका सांगू. मोडून पडेल. म्हणा की मुलीची तब्येत अजून नाजूक आहे, वर्षभराने बघू. कुणाचंच काही जात नाही त्यात."

आईचंच मन ते. असलं एक वाक्य बोलायला मला काय लागतं, जन्मभर बोलत आले आहे, आणि ते ऐकून ती दोघं समाधानाने घरी गेली असती. संध्याकाळपर्यंत तंदुरावर कळलं असतं की कुम्रीच्या पोरीला अजून टीबी आहे.

"तिची तब्येत उत्तम आहे," मी म्हणाले. मग मुकद्दसला ओलांडून उंबऱ्याकडे गेले. इल्होमने मान वर केली. त्याच्या हातात नानचं गाठोडं होतं.

"तिने नाही म्हटलंय," मी त्याला सांगितलं. "आणि तुला सांगायला म्हणून हे शब्द दिलेत. ती म्हणते, तुझ्या घरात बाकी कुणालाच माहीत नव्हतं. तुला माहीत होतं."